कुळांना जमीन मिळाली, लेकींचे काय?

महोदय,
स्वातंत्र्यानंतर काय बदलले, असा विषय निघाला की धरणे आणि कारखाने मोजले जातात. कूळकायदा कुणाला आठवत नाही. १९४८च्या मुंबई कूळवहिवाट कायद्यात पुढे दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ पासून कसणारी कुळे मालक मानली गेली. (त्याआधीच अनेकांना हुसकावले गेले, ते वेगळेच.) पण त्याच शेतात खुरपणाऱ्या बाईचे काय? वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. तरी सातबाऱ्यावर वारसनोंद लागली की बहिणीपुढे हक्कसोडपत्र सरकवले जाते. सही नाकारली की माहेर तुटते. असा दस्त नोंदवण्याआधी दुय्यम निबंधकाने तिच्याशी, भाऊ बाहेर ठेवून, बोलावे. एवढा नियम सरकारने करावा.

– एक वाचक