बघणारा किती लांब उभा आहे

नौपाडा, ठाणे
२८ मे

प्रिय शुभे,

तुझी बदली ऐरोलीला झाली आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तू रुजू होतेयस, हे कळल्यापासून मला कोणाला सांगू आणि कोणाला नको असं झालंय. सांगली सुटल्याचं वाईट वाटतंय हे समजतं मला. पण ठाण्याहून ट्रान्सहार्बर गाडीत बसलीस की दिघा गाव आणि लगेच ऐरोली. म्हणजे आता आपण शनिवारी संध्याकाळी तलावपाळीला भेटू शकतो, याचा आनंद मी लपवणार नाही.

आता तुझ्या कापडांबद्दल. तीन फोटो पाठवलेस आणि खाली लिहिलंस, ‘पन्नाशीला आलेय, त्यात बुटकी, एवढी मोठी नक्षी अंगावर भडक दिसेल ना गं?’ फोनवर ‘नाही दिसणार’ म्हणून मोकळी झाले असते, पण मग तू ती कापडं घडी घालून कपाटात ठेवून दिली असतीस. म्हणून सविस्तर लिहितेय.

इतकी वर्षं शिलाईच्या कामात घालवल्यावर माझं ठाम मत झालंय. मोठी नक्षी शोभते की नाही, हे वयावर आणि उंचीवर फार कमी अवलंबून असतं. बघणारा किती लांब उभा आहे आणि उजेड कसला आहे, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं. दुकानात आपण कापड हातभर अंतरावर धरतो, पांढऱ्या दिव्याखाली, आणि घाबरतो. ते कापड तसं बघणारं दुसरं कोणीच नसतं.

तुझ्या भागातल्या इरकल नेसणाऱ्या बायका आठव. अंगभर साधा रंग, नाहीतर बारीक चौकडा, आणि काठ व पदर असा ठसठशीत की दोन शेतं पलीकडून बाई दिसावी. तीच बाई चोळी मात्र खणाची घालायची. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाची नक्षी बोटाच्या पेरात मावेल एवढी, ती दिसते फक्त समोर बसून बोलणाऱ्याला. लांबच्यासाठी पदर आणि जवळच्यासाठी खण. एवढं नेमकं गणित असलेला पोशाख मला दुसरा माहीत नाही. त्या बायका सत्तरीतही तोच लाल पदर मिरवायच्या, आणि कोणी त्यांना वय विचारायला जात नसे.

तर पहिलं कापड, ते निळं अजरख, म्हणजे कच्छमधलं नैसर्गिक रंगांत ठसे उमटवलेलं कापड. ते ऑफिसचं. काउंटरच्या पलीकडचा माणूस तुला हात-दीड हात अंतरावरून, तेही छातीपासून वरच बघणार. तिथे वीतभर मोठं फूल असलं की अर्धंच दिसतं, उरलेलं टेबलाखाली जातं, आणि अर्धी नक्षी नेहमी बेंगरूळ दिसते. अजरखच्या चांदण्या तळहाताएवढ्या आहेत, त्या पुऱ्या दिसतील. शिवाय त्याची नक्षी चारही बाजूंनी सारखी असते, वर-खाली काही नसतं. त्यामुळे कापताना कापड कसंही फिरवता येतं, वाया जात नाही. तुझं अडीच मीटर ४४ इंच पन्ह्याचं असेल तर कुर्ता सहज होईल.

अजरखचं मला फार अप्रूप आहे. कच्छमधल्या धमडक्याचे खत्री कारागीर हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. २००१च्या भूकंपानंतर तिथल्या पाण्यात लोहाचं प्रमाण वाढलं. नैसर्गिक रंगांना लोह लागलं की ते काळवंडतात, म्हणून कित्येक कुटुंबांनी भुजजवळ नवं गाव वसवलं, त्याचं नाव अजरखपूर. पाण्यापायी गाव बदलणारी माणसं ती! असं कापड कपाटात कोंडून ठेवायचं नाही, शुभे, घालायचं.

सलवारीला कुठला रंग, असं विचारलंस. कापड जमिनीवर पसर, चार पावलं मागे सर आणि डोळे किलकिले करून बघ. जो रंग उरलेला दिसेल तो त्या कापडाचा मुख्य रंग. तुझ्या बाबतीत निळा. ऑफिससाठी सलवार त्याच निळ्याची, म्हणजे मानेपासून पायापर्यंत रंग सलग राहतो आणि उंचीही तुटत नाही. सणावाराला त्यात सगळ्यात कमी असलेला रंग उचल, तो ठिपक्यांतला मंजिष्ठेचा लाल, आणि त्याची साधी ओढणी घे. ओढणी नक्षीची मात्र नको. भरगच्च नक्षीच्या कापडाला आजूबाजूला मोकळी जागा लागते.

बुटकेपणाचं तू मनातून काढून टाक. मोठ्या नक्षीनं बाई बुटकी दिसत नाही, नक्षी चुकीच्या जागी तुटल्यानं दिसते. कमरेवर जोड आला आणि फूल तिथे चिरलं गेलं, घेराला रुंद विरुद्ध रंगाचा काठ लावला, ओढणी आडवी पसरली, की माणूस तुकड्यातुकड्यांत दिसतो. नक्षी खांद्यापासून खाली अखंड वाहू दे, घेराचा काठ दोन बोटांचा ठेव. आणि छातीवर दोन बाजूंना दोन गोल बुट्टे समोरासमोर येणार नाहीत एवढं शिंप्याला आधीच सांग. कापड कापून झाल्यावर यावर काही इलाज नाही.

दुसरं कापड ती पांढरट कलमकारी. फोटोत बायकांचे चेहरे आणि मोठं झाड दिसतंय, रेघ हातानं काढलेली वाटतेय, म्हणजे आंध्रातल्या श्रीकालहस्तीच्या पद्धतीची. मछलीपट्टणजवळ पेडना गावी होते ती कलमकारी ठशांची, तिच्यात एकच नक्षी पुन्हा पुन्हा येते. तुझ्या कापडात एकही चेहरा दुसऱ्यासारखा नाही. हे कापड कुर्त्यासाठी कोणाच्याही हाती देऊ नकोस! माझ्याकडे एकीनं असंच शिवलेलं आणलं होतं. छातीला बसावं म्हणून घेतलेला टक बरोबर त्या बाईच्या चेहऱ्यावरून गेला होता. एक डोळा टकात गडप, दुसरा नाकाला चिकटलेला. उसवून बघितलं, पण सुईची भोकं तशीच राहिली. मला दोन दिवस चैन पडलं नाही.

याचं आपण गुडघ्यापर्यंतचं लांब जॅकेट करू आणि झाड पाठीवर घेऊ. अशा सैल जॅकेटच्या पाठीला टक लागत नाहीत, अख्खी मोकळी जागा मिळते. तुझ्या भाचीच्या साखरपुड्यात तू पुढच्या रांगेत बसणार, ओवाळायला उठणार, आणि तेव्हा सगळं सभागृह तुझी पाठ बघणार. नक्षी तिथेच हवी. पुढून दोन्ही बाजूंना नुसती वेलाची रेघ येऊ दे, आत काळसर लाल साधा कुर्ता. गळ्यात काही घालू नकोस, कानात घाल. तो साखरपुडा डिसेंबरात आहे हेही बरं, कारण जॅकेट आणि अस्तर मिळून दुहेरी कापड होतं, मे महिन्यात अंगावर टिकलं नसतं.

तिसरं, काळ्यावर पिवळी-राणी फुलं असलेलं ते क्रेप. तू लिहिलंस, ‘सेलमध्ये मिळालं म्हणून घेतलं, आता पस्तावतेय.’ अजिबात पस्तावू नकोस, इथल्या पावसाळ्यात तुला तेच तारणार आहे. सांगलीचा पाऊस आणि हा पाऊस यांत फार फरक आहे. इथे जुलैत सुती कपडे वाळतच नाहीत, दांडीवर तिसऱ्या दिवशीही दमट आणि वर कुबट वास. क्रेप पंख्याखाली रात्रीत सुकतं. रिक्षातून उतरताना उडालेले चिखलाचे शिंतोडे काळ्या जमिनीवरच्या मोठ्या नक्षीत शोधावे लागतात, पांढऱ्या सलवारीवर ते सगळ्या ऐरोलीला दिसतात.

आणि उजेडाचं म्हणशील, तर पावसाळ्यातला करडा उजेड गडद रंगांना फार मानवतो. कडक उन्हात जे पिवळं डोळ्यांत खुपलं असतं, तेच ढगाळ दुपारी आतून उजळल्यासारखं दिसतं. त्याचा घोट्याच्या चार बोटं वर येणारा सरळ कुर्ता शिवून टाक, पायघोळ काही नको. फुलं सगळी एकाच दिशेला उभी आहेत, म्हणजे कापड उलटं फिरवता येणार नाही. एक फूल जिथून सुरू होतं तिथून पुढचं तसंच फूल सुरू होईपर्यंत टेपनं मोज, आणि पुढची-मागची फुलं शिवणीवर जुळावीत म्हणून निदान तेवढं कापड जास्तीचं धर. कमी पडलं तर बाह्या साध्या काळ्या करू. याच क्रेपला एप्रिल-मेमध्ये मात्र हातही लावू नकोस, घाम शोषत नाही ते.

उन्हाळ्यासाठी तुझ्याकडे काहीच नाहीये. मलमल घे, फिक्या जमिनीवर गडद आणि सुटी सुटी नक्षी, मध्ये भरपूर मोकळी जागा. भरगच्च जाळीची नक्षी घातली की बघणाऱ्यालाही उकडतं. हलके गुलाबी-आकाशी रंग मेच्या उन्हात विटलेले दिसतात, त्यापेक्षा पांढऱ्यावर नीळ बरी. ऑक्टोबरलाही हेच चालेल. थंडीचं वेगळं काही करू नकोस, इथे ती पहाटेपुरतीच येते. पण ऑफिसच्या एसीसाठी एक जाडसर साधा स्टोल खुर्चीवर कायम असू दे.

सणांचं सांगायचं तर गुढीपाडव्याची शोभायात्रा तू बघशीलच. फेटे, नऊवारी, बुलेटवरच्या बायका, ढोल. तिथे सगळे एकमेकांना रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला बघतात आणि ऊन लख्ख असतं. बारीक नक्षी तिथे साध्या रंगासारखीच दिसते. तुझ्या आईचं इरकल त्या दिवशी काढ. दिवाळीच्या पहाटे राम मारुती रस्त्यावर उलट असतं, अर्धवट उजाडलेलं, खांद्याला खांदा लागेल इतकी गर्दी. तिथे मोठ्या बुट्ट्याला मागे सरून बघायला कोणाला जागाच नसते. खणाचा ब्लाउज, बारीक जरीची पैठणी, मुनियांचा काठ, असं जवळून निरखण्यासारखं काहीतरी घालावं. संक्रांतीला काळी चंद्रकळा आहेच. नवरात्रातल्या रोजच्या रंगांसाठी नऊ साड्या घेण्याच्या भानगडीत पडू नकोस. एखादी इकत साडी घेऊन ठेव. इकतमध्ये सूत विणण्याआधीच बांधून रंगवतात, त्यामुळे नक्षीच्या कडा पुसट होतात आणि मोठी नक्षीही मवाळ वाटते. तिच्यात चार-पाच रंग असले की चार-पाच दिवस ब्लाउज बदलून तीच नेसता येते.

दोन नक्ष्या एकत्र घालाव्यात का, या प्रश्नाला माझं उत्तर हो. एक मोठी, एक बारीक, आणि दोघींत एक रंग सारखा, एवढं पाळलं की पट्ट्यांवर फुलंसुद्धा शोभतात. दोन्ही मोठ्या मात्र नकोत.

भाऊजींना छापील शर्ट हवाय म्हणालीस, अवश्य शिव. फक्त खिसा शर्टाच्या नक्षीशी जुळवून कापायला सांग, आणि बटणपट्टीवरही नक्षी मिळाली पाहिजे. चांगला शिंपी हे न सांगता करतो. कटकट करायला लागला तर दुसरा गाठ.

अजरख पहिल्यांदा धुशील तेव्हा एकटंच धू, गार पाण्यात, रिठ्यानं, आणि सावलीत वाळव. मिठाच्या पाण्यावर विसंबू नकोस, वरचा सुटा रंग दोन-तीन धुण्यांत जाऊ दे. पावसात भिजलीस तर नीळ घासून निघते, म्हणून पहिल्या पावसाळ्यात त्यावर पांढरी ओढणी किंवा फिक्या रंगाची पर्स घेऊ नकोस. इस्त्री उलट्या बाजूनं कर.

येताना तिन्ही कापडं घेऊन ये आणि नेहमी अंगाला नीट बसणारा एक कुर्ताही आण, मापाला. कलमकारीला अस्तर सुतीच लागेल, ते तिकडे घेऊ नकोस, आपण जांभळी नाक्यावर कापड शेजारी धरून रंग मिळवू. तुझ्या आईच्या इरकलचे फॉल सुटलेत असं मागे म्हणाली होतीस, तेही पिशवीत टाक. गाडी कुठली आणि ठाण्याला किती वाजता पोचते ते कळव, मी स्टेशनवर येते.

तुझी,
वसू