संगणकाचे सुटे भाग आणि दसऱ्याचा मुहूर्त

महोदय,

गणपती उठले की टिळक रस्त्यावरच्या संगणकाच्या दुकानांत चौकशा सुरू होतात आणि बहुतेकांचे ठरलेले असते, ‘दसऱ्याला घेऊ, स्वस्त पडेल.’ टीव्ही-फ्रिजला हा हिशेब चालतो. सुटे भाग आणून जुळवायच्या संगणकाला चालत नाही. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड हा माल येतो परदेशातून. त्याचा भाव डॉलर आणि कारखान्यांतला पुरवठा ठरवतो, आपले पंचांग नाही.

२०२५ चा दाखला ताजा आहे. २२ सप्टेंबरला जीएसटीचे दर उतरले तेव्हा संगणकही स्वस्त होणार असा बोलबाला झाला. सुट्या भागांवर आधी १८ टक्के होता, नंतरही १८ टक्केच राहिला. २८ वरून १८ वर आले ते ३२ इंचांहून मोठे मॉनिटर. उलट त्याच सुमारास रॅम चढू लागली. रॅममधल्या बहुतेक चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडून येतात आणि तिघांनीही एआयच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या महागड्या मेमरीकडे उत्पादन वळवले. डिसेंबर उजाडेपर्यंत ३२ जीबी डीडीआर५ (रॅमची सध्याची पिढी) चा संच सप्टेंबरच्या दुपटीहून वर गेला आणि त्याच महिन्यात मायक्रॉनने ‘क्रूशल’ या आपल्या रॅम-एसएसडीच्या ब्रँडचा किरकोळ धंदा गुंडाळत असल्याचे जाहीर केले. सणाच्या सवलतीत हजार-पाचशे वाचवायला थांबलेल्यांकडून रॅमने ते व्याजासकट वसूल केले.

व्यवसायासाठी घेणाऱ्यांना तर थांबणे आणखी महागात पडते. संगणकावर प्राप्तिकरात ४० टक्के घसारा (झिजेपोटी उत्पन्नातून मिळणारी वजावट) मिळतो, पण आर्थिक वर्षात तो १८० दिवसांहून कमी वापरला असेल तर त्या वर्षापुरता निम्मा. ३१ मार्चपासून मागे मोजले की ही मुदत ३ ऑक्टोबरला येते. २०२६ मध्ये दसरा २० ऑक्टोबरला आहे. म्हणजे दसऱ्याला घेतलेल्या लाखाच्या यंत्रावर त्या वर्षी ४० हजारांऐवजी २० हजारांचाच घसारा. उरलेला पुढच्या वर्षांत मिळतो, बुडत नाही, हे खरे. (अनुमानित पद्धतीने, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर, कर भरणाऱ्यांना हा मुद्दा लागू नाही.) आणि अट यंत्र वापरात आणल्याची आहे, सप्टेंबरचे बिल आणि खोक्यात पडून असलेला मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात ती मुख्य पाटी) एवढ्यावर भागत नाही.

खोक्यात पडलेला माल ही एरवीही डोकेदुखीच. भाव जरा उतरला की एकेक भाग घेऊन ठेवायचा, जूनमध्ये एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), ऑगस्टमध्ये बोर्ड, दिवाळीत प्रोसेसर, ही पद्धत शहाणपणाची वाटते. पण वॉरंटीचे दिवस बिलाच्या तारखेपासून मोजले जातात आणि ऑनलाइन माल बदलून मिळण्याची मुदत बहुधा सात-दहा दिवसांचीच असते. प्रोसेसर आणि रॅम हाताशी नसताना बोर्ड तपासणार कसा? तो बंद आहे हे कळेपर्यंत मुदत उलटलेली असते. मग सर्व्हिस सेंटरच्या चकरा.

म्हणून प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी आणि एसएमपीएस एकाच आठवड्यात घ्यावेत आणि बोर्डाचे खोके दुकानातच उघडावे. सॉकेटवरची (प्रोसेसर बसतो त्या जागेवरची) प्लास्टिकची टोपी काढायला लावा, मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि पिनांवरून हळूहळू फिरवा. रांगाच्या रांगा सारख्या चमकायला हव्यात. मध्येच एखादा ठिपका भलतीकडे चमकला तर तिथली पिन वाकलेली आहे. वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही आणि ती कोणी वाकवली हे घरी गेल्यावर सिद्ध करता येत नाही. टोपी जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीत देताना ती मागतात.

बायोसचेही (बोर्डातच असलेल्या, यंत्र सुरू करणाऱ्या प्रणालीचेही) तसेच. एएमडीच्या प्रोसेसरांसाठीचे बी६५० बोर्ड २०२२ पासूनचे, एएमडीचेच रायझन ९००० प्रोसेसर २०२४ चे. जुन्या साठ्यातला बोर्ड असेल तर नवा प्रोसेसर त्यावर चालूच होत नाही; बायोस दुकानातच अद्ययावत करून मागावा. घरी पहिल्यांदा बटण दाबल्यावर काही मिनिटे पडदा काळा राहिला तरी वीज बंद करू नये, त्या वेळात बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. त्याच रात्री मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावून ठेवावी. त्यात एक जरी चूक दिसली तरी दुसऱ्या दिवशी रॅम परत.

हात आखडता असेल तर ग्राफिक्स कार्ड खुशाल पुढे ढकला, फक्त नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर घेऊ नका. त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते, म्हणजे कार्डाशिवाय पडद्यावर चित्रच येत नाही. एसएमपीएस मात्र पुढच्या कार्डाच्या मापाने आजच घ्यावा. आरटीएक्स ५०७० या ग्राफिक्स कार्डासाठी ते बनवणारी एनव्हिडिया ६५० वॅट सुचवते. ‘आत्ता दोन पट्ट्या, पुढे आणखी दोन’ हे रॅमच्या बाबतीत टाळावे: रायझन ९००० वर रॅमच्या दोन पट्ट्यांना ५६०० (एमटी/सेकंद) चा अधिकृत वेग, चार लावल्या की ३६०० वर येतो.

दुकानदारांनाही एक सांगणे आहे. कोटेशनवर नुसते ‘आय-फाइव्ह, १६ जीबी, ५१२ एसएसडी’ लिहून गिऱ्हाइकाने भावाची तुलना करायची कशाशी? आय-फाइव्ह (इंटेलचा प्रोसेसर) २०१२ च्या तिसऱ्या पिढीतलाही असतो, आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालते. विंडोज १० चा नेहमीचा आधार तर १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. प्रत्येक भागाचे पूर्ण मॉडेल कोटेशनवर आणि सिरियल नंबर पक्क्या बिलावर लिहावा. गिऱ्हाइकांनीही तो नंबर खोक्यावरच्या आणि भागावरच्या नंबराशी ताडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

– संगणक जुळणीच्या कामातले दोन वाचक, सदाशिव पेठ, पुणे