सूचना: 'ड्रॅक्युला'ची तिकिटं

मंडळी, 'ड्रॅक्युला अनटोल्ड' हा सिनेमा येत्या ऑक्टोबरात (२०१४) लागतोय. एकत्र जायचं असेल तर रविवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका, म्हणजे तिकिटं एकदमच काढता येतील.

यातला नायक खरा राजा, वालाकियाचा तिसरा व्लाद, म्हणजेच ड्रॅक्युला. आजच्या रुमानियातला. लहानपणी धाकट्या भावासह ऑटोमन (तुर्की) दरबारात ओलीस होता. पुढे १४६२ मध्ये सुलतान दुसरा मेहमद चालून आला, तेव्हा पठ्ठ्याने रात्री थेट तुर्की छावणीवरच छापा घातला. शत्रूंना सुळावर चढवण्यासाठी तो कुप्रसिद्ध. मात्र ड्रॅक्युलाचा व्हॅम्पायर झाला तो १८९७च्या कादंबरीत. ट्रेलरमध्ये दोन्हींची मजेदार सरमिसळ दिसते. (मला तरी तो छापा बघायचाय!)

लहान मुलांना आणू नका. आणि ज्यांनी मागच्या वेळचे पैसे दिलेले नाहीत, त्यांनी आधी ते द्या.