जॅकेट, पाइल, रायझर: ऋचास पत्र

फोंडा, गोवा
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. ऋचास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली शब्दांची यादी दोनदा वाचली. मीटिंगमध्ये कानावर पडेल ते टिपून घेतेस, हे फार चांगलं करतेस. पण यादी अकारविल्हे लावली आहेस, ती मोड. समुद्रातला तेलाचा प्लॅटफॉर्म ज्या क्रमानं उभा राहतो त्या क्रमानं शब्द लाव. कशानंतर काय येतं हे कळलं की निम्मे अर्थ विचारावेच लागत नाहीत.

जॅकेटपासून सुरुवात कर. यार्डात नळ्यांचा जो अवाढव्य सांगाडा तू रोज आडवा पडलेला बघतेस, तोच हा. समुद्रतळापासून पाण्याच्या वर डोकं काढून राहायचं, हे त्याचं काम. मुंबईजवळच्या समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्रात पाणी सुमारे ७५ मीटर खोल आहे, त्यावरून त्याच्या उंचीचा अंदाज कर. जेटीवरून बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू जहाजावर, चढवणं म्हणजे लोड-आउट. वाटेत हलू नये म्हणून बार्जच्या डेकला वेल्ड करून जखडतात, ते सी-फास्टनिंग. साइटवर पोचल्यावर पाण्यात उभं करणं ते अपएंडिंग. तळाला टेकलं की सुरुवातीला सगळा भार मडमॅटवर, म्हणजे पायथ्याच्या रुंद पाटांवर असतो. खाजनातल्या चिखलात पाय रुतू नये म्हणून आपल्याकडे फळी टाकतात, तेच काम. मग लेगच्या, म्हणजे सांगाड्याच्या पायांच्या, पोटातून पाइल, म्हणजे लांब पोलादी नळखांब सोडायचे, हॅमरनं ठोकायचे आणि वरच्या टोकाला मधल्या फटीत क्राउन शिम, म्हणजे पोलादी पट्ट्या घालून पाइल नि लेग वेल्डनं एक करायचे. तोवर जॅकेट ‘टेकलंय’ म्हण, ‘बसलंय’ म्हणू नकोस. त्या मधल्या वेळात समुद्र खवळला तर या दोन शब्दांतलं अंतर सगळ्या बार्जला कळतं. पुढे डेक उचलून वर ठेवायचा, आणि मग पाइप, केबल, उपकरणं एकमेकांना जोडायची तो हुक-अप, ज्यासाठी तू निघाली आहेस.

वेदर विंडो, म्हणजे समुद्र कामाजोगा शांत असतो तो काळ, तुला मी समजावायची गरज नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ट्रॉलर काठाला लागतात, हे लहानपणापासून बघितलं आहेस. आपल्या किनाऱ्यावर बांधकामाचा हंगामही पावसाळा संपल्यावर सुरू होतो नि मे महिन्यात आवरतो. म्हणूनच या दिवसांत सगळे घाईत असतात. त्या घाईत शब्द अर्धवट बोलले जातात, आणि माझी खरी काळजी तीच आहे.

‘टन’ घे. मेट्रिक टन १००० किलोचा, शॉर्ट टन ९०७ किलोचा. क्रेनचा चार्ट एकात आणि वजनाचा रिपोर्ट दुसऱ्यात, असं होऊ शकतं. ५०० म्हणताना कुठले ५००, यात ४६ मेट्रिक टनांचा फरक पडतो. शिवाय वजन म्हणजे नुसत्या मॉड्यूलचं, की स्लिंग, शॅकल, स्प्रेडर बार हे उचलायचं सामान धरून हुकवर येणारं? आणि किती रेडियसला, म्हणजे क्रेनपासून किती अंतरावर? बूम, म्हणजे क्रेनचा हात, बाहेर गेला की क्रेनची ताकद कमी होते. एवढे प्रश्न विचारल्याशिवाय आकडा वहीत उतरवूच नकोस.

‘नॉर्थ’चंही तसंच. ड्रॉइंगवर असतो तो प्लॅटफॉर्म नॉर्थ, सोयीसाठी ठरवलेला. खरी उत्तर त्याच्यापासून काही अंशांवर असते, तो कोन ड्रॉइंगच्या कोपऱ्यात दिलेला असतो. आमच्या एका कामावर होकायंत्र बघून एकानं भलत्याच बाजूला ब्रॅकेट वेल्ड केला होता. रात्रभराचं काम सकाळी कापून काढावं लागलं.

स्प्लॅश झोन म्हणजे लाटांनी सतत भिजणारा नि सुकणारा पट्टा. पाण्याखालच्या पोलादाला स्वतः झिजणारे धातूचे ठोकळे, म्हणजे अ‍ॅनोड वाचवतात, पण इथे पाणी सतत टिकत नाही म्हणून त्यांचा भरवसा धरता येत नाही. गंज इथेच सगळ्यात जोरात लागतो. कोटिंग आणि जादा जाडी दोन्ही हवीत. रायझर, म्हणजे समुद्रतळावरची पाइपलाइन वर डेकवर आणणारा उभा पाइप, याच पट्ट्यातून जातो. २७ जुलै २००५ ला बॉम्बे हाय नॉर्थला आपल्यावरच्या एका जखमी माणसाला प्लॅटफॉर्मवर पोचवायला आलेलं जहाज रायझरला धडकलं. वायूनं पेट घेतला, २२ माणसं गेली आणि दोनेक तासांत प्लॅटफॉर्म उरला नाही. बोट लँडिंग कुठे, रायझर कुठल्या बाजूला, जवळ येणारं जहाज कुठून येतं, हे पहिल्याच दिवशी स्वतः फिरून बघ.

आता ब्लाइंड. तुझ्या यादीत या शब्दासमोर प्रश्नचिन्ह आहे. पाइपच्या दोन फ्लँजमध्ये, म्हणजे टोकांना बोल्टनं जोडायच्या कड्यांमध्ये, वाट बंद करायला घालतात ती पोलादी चकती. स्पेक्टॅकल ब्लाइंडला चष्म्यासारखे दोन गोल असतात, एक पोकळ, एक भरीव. बाहेर पोकळ दिसला तर आत भरीव आहे, म्हणजे लाइन बंद. नवी माणसं हे हमखास उलटं वाचतात.

६ जुलै १९८८ च्या रात्री उत्तर समुद्रात पायपर अल्फावर १६७ माणसं मेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता, त्या जागी ब्लाइंड फ्लँज लावलेला होता, पण पुरता घट्ट नव्हता. रात्रपाळीला व्हॉल्व्ह काढल्याचं कळलंच नाही. दुसरा पंप बंद पडला, तेव्हा त्यांनी हा सुरू करायला घेतला. परमिट होतं, कागद होते. सांगायचं ते एका पाळीकडून दुसरीकडे पोचलं नाही. म्हणून हँडओव्हर देताना ‘काम चालू आहे’ एवढ्यावर थांबू नकोस. काय काढलंय, त्या जागी काय बसवलंय, किती घट्ट, टॅग नंबर काय, हे बोल आणि समोरच्याकडून परत म्हणवून घे. तू नवी, त्यात मुलगी. ‘हिला एवढंही माहीत नाही’ असं कुणी म्हणेल म्हणून टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधीच्या छोट्या बैठकीत, गप्प बसू नकोस. सगळ्यांदेखत विचार. मी जे उत्तम फोरमन पाहिले, ते सगळे असेच विचारणारे होते.

पाइपलाइन टाकायच्या बार्जचे शब्द, स्टिंगर, टेन्शनर, फायरिंग लाइन, पिग, आज घेत नाही. हुक-अपमध्ये तुला ते लागणार नाहीत, पुढच्या पत्रात लिहीन.

बेतुलच्या सी सर्व्हायव्हल ट्रेनिंगचं सर्टिफिकेट हातातल्या बॅगेत ठेव, मोठ्या बॅगेत नको. पोचल्यावर मस्टर पॉइंट, म्हणजे संकटात जमायची जागा, नि तुझी लाइफबोट कुठली ते आधी बघ, मग केबिन. आई म्हणते, फोन लागला नाही तरी मेसेज टाक.

तुझा,
बाबा