पाट्याच टाकायच्या असतील तर जॉबकार्डावर तसं लिहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सर्व्हिसिंग करून आणलेली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमधून बाहेर काढली आणि आरशात बघतो तर गाडी उभी होती तिथे बशीएवढा ओला डाग. आधी वाटलं एसीचं पाणी असेल, पण रात्रभर गाडी बंद होती मग एसीचं पाणी कुठून येणार, म्हणून उतरलो, बोट लावलं, दोन बोटांत घासून पाहिलं तर बुळबुळीत. मधाच्या रंगाचं इंजिन ऑइल, म्हणजे आदल्या दिवशीच भरलेलं ताजं. खाली वाकून मोबाइलचा टॉर्च मारला तेव्हा ऑइल काढायच्या बोल्टच्या टोकाला थेंब लोंबताना दिसला, आणि त्या बोल्टचे सहाही कोपरे असे गोल झाले होते की कुणीतरी चुकीच्या मापाचा पाना घालून जीव खाऊन पिळलाय हे माझ्यासारख्या बिनमेकॅनिक माणसालाही कळावं.

गॅरेजला फोन केला. उत्तर आलं, "सर, गाडी जुनी झाली की थोडं गळतंच."

हे वाक्य ऐकलं नसेल असा गाडीवाला विरळा, म्हणूनच हे पत्र लिहितोय. परवापर्यंत एक थेंब गळत नसलेली गाडी तुमच्या लिफ्टवरून उतरल्यावर एका रात्रीत म्हातारी कशी झाली हो? आणि राग नुसत्या चुकीचा नाही, चूक माणसाकडून होते. राग येतो तो चूक झाल्यावर हात वर करायची जी सवय लागलीये तिचा.

मुळात हे गळणं किती क्षुल्लक गोष्टीवरून सुरू होतं ते सांगतो. त्या बोल्टखाली एक वॉशर असतो, बऱ्याच गाड्यांत तांब्याचा नाहीतर ॲल्युमिनियमचा, मुद्दाम मऊ धातूचा, म्हणजे बोल्ट आवळला की तो दबतो आणि फट बंद करतो. एकदा दबलेला वॉशर परत तसा नीट बसेलच असं नाही, म्हणून बऱ्याच कंपन्या दर ऑइल बदलाला नवा वॉशर घाला म्हणतात. नवा घातला नाही की बारीक झिरपतं, झिरपलं की मेकॅनिक बोल्ट अजून आवळतो, बोल्ट स्टीलचा आणि सम्प, म्हणजे इंजिनाखालचं ऑइल साठवणारं भांडं, ॲल्युमिनियमचा असला की आटे सम्पचेच जातात. म्हणजे नखाएवढ्या वॉशरचा कंटाळा केला आणि अख्खा सम्प बदलायची वेळ आली. शिवाय गळणारं ऑइल गरम सायलेन्सरच्या पाइपवर पडलं तर धूर येतो, आगीचाही धोका असतो, आणि पातळी फार खाली जाऊन डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला तर "घर जवळच आलंय" म्हणून गाडी पुढे दामटायची नसते, तिथल्या तिथे बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं असतं. हे मला सर्व्हिसिंगवाल्यांनी कधी सांगितलं नाही, टायरला काळं पॉलिश मात्र न चुकता मारून देतात.

आता त्याच सर्व्हिसिंगमधली दुसरी गंमत. मला एक खोड आहे, घरचे हसतात त्यावरून, गाडी द्यायच्या आदल्या रात्री एअर फिल्टरच्या कडेला मार्करने एक बारीक ठिपका काढून ठेवतो. ऑइल गळतंय म्हटल्यावर संशय आला म्हणून एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढल्या, त्याला पाना-बिना काही लागत नाही, आणि आत माझा ठिपका माझ्याकडे बघत बसलेला! बिलावर "एअर फिल्टर – बदलला" आणि डब्यात जुनाच, नुसती हवा मारून बसवलेला. आता याला निष्काळजीपणा म्हणायचं का दुसरं काही हे वाचकांनी ठरवावं, मी आपला शब्द गिळतो.

गेली काही वर्षं बघतोय, गॅरेजात आपण ज्याच्याशी बोलतो तो गाडीला हात लावत नाही आणि जो हात लावतो त्याच्याशी आपली गाठ पडत नाही. काउंटरवरचा सल्लागार आपलं ऐकून जॉबकार्डावर चार शब्द खरडतो, ते चार शब्द आत जातात, आतला मुलगा दिवसभरात कितवी गाडी करतोय ते त्यालाच माहीत, संध्याकाळी कुणीतरी सगळ्या चौकटींत टिकमार्क करतो आणि गाडी धुऊन पुसून आपल्यासमोर. मग काही बिघडलं की टोलवाटोलवी. म्हणून मी म्हणतो की भांडण गाडी आणतानाचं नाहीच, ते देतानाचं आहे. आपण काय सांगतो? "शॉकअब बदला." त्यांनी बदलला, आवाज तसाच, परत गेलो तर म्हणतात तुम्हीच सांगितलं होतं, आणि खरंच आपणच सांगितलेलं असतं! त्याऐवजी "हळू असताना, खड्ड्यातून पुढचं डावं चाक गेलं की खटखट येतं, ब्रेकवर पाय ठेवला की थांबतं" असं सांगा आणि तसंच लिहून घ्या. रोग शोधणं त्यांचं काम, आपण लक्षण सांगायचं. आवाजाची तक्रार असेल तर त्यांच्या माणसाला शेजारी बसवून एक चक्कर मारा, पाच मिनिटं जातात पण "आम्हाला तर आवाज आला नाही" हे उत्तर मिळायची सोय राहत नाही. आणि जुने पार्ट परत पाहिजेत हे जॉबकार्डावर आधीच लिहायला लावा, नंतर मागितले की ते भंगारात गेलेले असतात. (जुना पार्ट जमा करून नवा मिळतो असा काही प्रकार असेल तर निदान दाखवा तरी म्हणावं.)

चाकांच्या नटांबद्दल थोडं जास्त लिहितो कारण तिथे जिवाशी खेळ आहे. हवेच्या गनने टर्र टर्र करून नट आवळतात ना, ऐकायला फार भारी वाटतं, पण गनने सैलसर बसवून शेवटचा पीळ टॉर्क पान्याने, म्हणजे पीळ मोजून देणाऱ्या पान्याने, द्यायचा असतो. बहुतेक लहान गाड्यांना हा पीळ १०० न्यूटन-मीटरच्या आसपास लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, आणि नट एकामागून एक गोल फिरत नाही तर समोरासमोर आवळायचे असतात म्हणजे चाक सरळ बसतं. जास्त आवळले तर बोल्ट ताणतो, डिस्क वाकडी होऊन ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरू शकतं, आणि रस्त्यात पंक्चर झालं तर गाडीतल्या पान्यावर उभं राहून उड्या मारल्या तरी नट सुटत नाही. कमी आवळले तर काय होतं ते लिहायची गरज नाही. चाकं काढून बसवली असतील तर ५० ते १०० किलोमीटर चालवून नट परत तपासून घ्यावेत, ही साधी सूचना मला आजवर एकाच गॅरेजने दिली.

ब्रेकचंही तसंच. नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलावे लागतात, त्यानंतर पेडल दोनचार वेळा दाबून घट्ट करून मगच गाडी हलवायची असते, नाहीतर पहिल्यांदा पाय दाबल्यावर पेडल थेट खाली जातं. हे मेकॅनिकने करायचं काम आहे पण मी आता गाडी चालू करायच्या आधी स्वतः पेडल दाबून बघतो, विश्वास वगैरे नंतर. आणि ब्रेक ऑइल वरपर्यंत भरलेलं दिसलं म्हणजे बदललं असं नाही. हे ऑइल हवेतली ओल शोषतं आणि जुनं झालं की लवकर उकळतं, डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचंच उदाहरण बघा, नवं असताना निदान २३० अंशापर्यंत उकळता कामा नये अशी अट आहे, पाणी शोषलेल्याची तीच अट १५५ वर येते. लांबच्या घाट उतारावर सारखा ब्रेक लावत आलात तर हा फरक पायाला कळतो. बाटलीतून वरून थोडं ओतलं आणि "ब्रेक ऑइल चेंज" लिहिलं, हे कळायला सोपा उपाय म्हणजे डबीतला रंग देताना आणि घेताना बघणं, चहासारखा काळपट गेला आणि काळपटच आला तर काय समजायचं ते समजा.

बरं, बिघडवलंच तर पुढे काय करायचं, यात आपण सगळेच चुकतो, मीही चुकलोय. पहिली चूक, चिडून लगेच दुसऱ्या गॅरेजात नेऊन काम उघडायला लावणं. दुसऱ्याने हात लावला की पहिला म्हणतो त्यानेच बिघडवलं, आणि मग सिद्ध काय करणार? ब्रेक-स्टिअरिंगसारखं धोक्याचं असेल तर चालवायची नाहीच, उचलून न्यायची, पण काही उघडायच्या आधी फोटो, किलोमीटरचा आकडा, तारीख, आणि पहिल्या गॅरेजला लेखी कळवणं, एवढं व्हायलाच पाहिजे. दुसऱ्याकडून उघडायला लावलंच तर त्याच्याकडून काय सापडलं ते सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या, निघालेला पार्ट पिशवीत घालून घरी ठेवा. दुसरी चूक म्हणजे फोनवर भांडणं. फोनवर कितीही आवाज चढवला तरी त्याचा पुरावा उरत नाही आणि समोरचा दुसऱ्या दिवशी "असं कोण म्हणालं" म्हणायला मोकळा. मेल करा, व्हॉट्सॲप करा, चार ओळी पुरतात: अमुक तारखेला हे काम केलं, अमुक किलोमीटरनंतर हे झालं, फोटो जोडलाय, अमुक दिवसांत दुरुस्त करून द्या. शिव्या नको, टोमणे नको, कारण हा कागद उद्या कंपनीच्या ग्राहक विभागाने किंवा ग्राहक न्यायालयाने वाचायचा आहे, त्यांना तुमचा राग नको असतो, तारखा पाहिजे असतात. आणि बिल मान्य नसेल पण गाडी तर हवीय, अशा वेळी पैसे भरताना बिलाच्या दोन्ही प्रतींवर "हरकत नोंदवून भरले" असं लिहून सही करा. काउंटरवरचा माणूस त्यासाठी नाक मुरडतो, मुरडू दे.

दुसऱ्या बाजूनेही दोन शब्द लिहिले पाहिजेत नाहीतर हे पत्र म्हणजे नुसती आग ओकणं होईल. आपल्याला गाडी संध्याकाळी पाचलाच पाहिजे असते, बिल कमी पाहिजे असतं, आणि मेकॅनिकने "बुश गेलेत, आज नाही होणार" म्हटलं की आपण "बघ ना काहीतरी जमव" म्हणतो. मग तो जमवतो. थातूरमातूर कामाची मागणी कधीकधी आपल्याकडूनच जाते. आणि प्रामाणिक माणसं आहेत, माझ्या आधीच्या गाडीचा मेकॅनिक, एकट्याचंच छोटं गॅरेज, त्याने एकदा रात्री नऊला फोन केला, म्हणाला, "साहेब, तुमचा खालच्या आर्मचा बोल्ट मी शेवटचा आवळला का नाही मला आठवत नाही, झोप नाही लागायची, सकाळी निघू नका, मीच येतो." सकाळी सातला पाना घेऊन दारात. बोल्ट घट्टच होता. पण त्यानंतर त्या माणसाकडे मी कधी ठिपका काढून गाडी दिली नाही.

माझ्या ऑइलच्या प्रकरणाचं काय झालं ते सांगून थांबतो. फोन सोडून मेल केला, बोल्टचा फोटो, डागाचा फोटो, ठिपकेवाल्या फिल्टरचा फोटो आणि बिलाची ती ओळ. दोन दिवस काही नाही, तिसऱ्या दिवशी वर्क्स मॅनेजरचा स्वतःहून फोन, गाडी उचलायला माणूस पाठवला. मी सोबत गेलो आणि लिफ्टखाली उभा राहिलो, बाहेरच्या सोफ्यावर बसलो नाही. बोल्ट काढला तर आट्यांचा चुरा त्याच्याबरोबरच खाली आला. नवा सम्प, नवा बोल्ट, नवा फिल्टर, सगळं त्यांच्या खर्चाने. चूक झाली असं कुणी म्हणालं नाही, जॉबकार्डावरही "ग्राहकाच्या विनंतीवरून सम्प बदलला" असं लिहिलेलं होतं, ते मी सही करायच्या आधी खोडायला लावलं आणि "आधीच्या सर्व्हिसिंगमध्ये आटे खराब झाल्याने" असं लिहून घेतलं, त्यावर अर्धा तास गेला. बोल्ट लावायच्या आधी त्या पोराला म्हटलं वॉशर दाखव. त्याने खिशातून काढला, तांब्याचा, कोरा, चकचकीत. हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला आणि मगच त्याला परत दिला.

आपला,
एक नियमित वाचक