लाँच बंद आहे

दिमोना
इस्राएल
२९ मे २०१९

प्रिय मनू,

आधी मनसोक्त शिव्या घालून घे, मग वाच. सात महिने झाले, तुझे चार मेसेज तसेच पडलेत, निळ्या टिका तुला दिसल्यात हे मला माहितीये. वेळ नव्हता असं खोटं सांगणार नाही. इथे शुक्रवारी दुपारपासून शनिवारी रात्रीपर्यंत बस पण बंद असते, माणूस घरात बसून करणार काय, वेळच वेळ. पण लिहायला बसलं की माई आठवायच्या आणि माई आठवल्या की आपलं ते भांडण, मग लॅपटॉप बंद. आज लिहितेय कारण गेल्या मंगळवारी असं काही झालंय जे तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळणार नाही. पप्पांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, तू जेवतेस ना वेळेवर.

तब्येत बरी आहे. हवा इतकी कोरडी की सुरुवातीला दोनदा घोळणा फुटला, आता सवय झाली.

तर ऐक. या दहा महिन्यांच्या कार्यक्रमात आमचं सकाळी उलपान असतं, म्हणजे हिब्रूचा वर्ग, आणि दुपारी ज्याला जिथे नेमलंय तिथे काम. माझ्या फ्लॅटमधली अर्जेंटिनाची मुलगी शाळेत जाते, युक्रेनची एका बागेत, आणि मला पाठवलं म्हाताऱ्या माणसांच्या डे सेंटरला. तेही मी मागितलं नव्हतं, मला किबुत्झवर, म्हणजे सामुदायिक शेतीच्या गावात, खजूर तोडायला जायचं होतं. पण आल्यावर आठवड्याभरातच तिथल्या एकीने विचारलं, तू भारतातली ना, मग आमच्या एक आजी काय बोलतात ते कळतंय का बघ, सहा महिने झाले त्या निरर्थक बडबड करतात. तसं त्यांच्या वहीत लिहिलंच होतं, निरर्थक बडबड. मी गेले. खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या, पांढरी वेणी, मांडीवर प्लॅस्टिकचा वाडगा, त्यात कुणीतरी हात गुंतवायला बटणं दिलेली. आणि त्या एकेक बटण उचलून बाजूला ठेवत म्हणत होत्या, एकोणतीस, तीस, एकतीस, बत्तीस. मनू, मी तिथे उभ्या उभ्या रडले. निरर्थक! अख्खी उजळणी येत होती त्यांना.

मी त्यांना मावशी म्हणते. त्या मूळच्या रेवदंड्याच्या. साठ-बासष्टच्या सुमाराला नवऱ्याबरोबर इथे आल्या, कारखान्यात काम केलं, चार मुलं वाढवली, पन्नास वर्षं बाजारात भांडून भाव करण्याइतकं फर्डं हिब्रू बोलल्या, आणि आता डोक्यातून ते हिब्रू गेलंय. आधी नंतरची भाषा गेली, मग नंतरची माणसं गेली, राहिलंय ते लग्नाच्या आधीचं. नातवंडांना मराठीचा एक शब्द येत नाही. मुलीला, मी तिला ताई म्हणते, साठीची आहे, तिला कळतं पण बोलताना अडखळते आणि लाजते. आणि गंमत म्हणजे प्रार्थनेचं हिब्रू मात्र जसंच्या तसं आहे. ताईने एकदा मलिद्याचं ताट आणलं होतं, भिजवलेले पोहे, खोबरं, गूळ, वर फळं, तर मावशींनी आधी पोह्यात बोट घालून बघितलं नीट भिजलेत का, नाक मुरडलं, आणि मग एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, गाणं असं घडाघडा म्हटलं की सगळं सेंटर गप्प. आपल्या ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये माझी आजी म्हणायची त्याच चालीत. योम किपूरला, आमच्या मोठ्या उपासाच्या दिवशी, तर मला म्हणाल्या, आज दारफाळणीचा सण, दार लोटून घे. हा शब्द आमच्याकडे पण आता आजीनंतर कुणी बोलत नाही.

मला त्या धाकटी बहीण समजतात. आणि रोज, रोज म्हणजे खरंच रोज, साडेतीन वाजले की अस्वस्थ होतात, पिशवी घेतात, पिशवीत चष्म्याची रिकामी पेटी, एक टॉवेल आणि दोन संत्री, आणि म्हणतात, चल गं, लाँच चुकंल. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच. पुढे एसटीने रेवदंडा. आयशी वाट बघत असंल.

पहिल्या दिवशी काय सांगावं सुचलंच नाही. तोंडातून निघून गेलं, मावशी आज लाँच बंद आहे, पावसाळा आहे ना, समुद्र खवळलाय. तर त्या लगेच शांत. हो गं, म्हणाल्या, आषाढात कोण सोडतोय. आणि बसल्या. बाहेर वाळवंट. मुंबईत एका धो धो दिवसात पडतो तेवढा पाऊस इथे वर्षभरात पडत नाही.

तेव्हापासून मी हे रोज सांगतेय. मी! कळतंय ना तुला मला काय म्हणायचंय ते?

एसवायला असताना तुमच्या स्वयंपाकघरात मी तुला काय काय बोलले होते ते मला शब्दन् शब्द आठवतंय. माई दारात उभ्या राहून बापूकाकांची वाट बघायच्या आणि तू सांगायचीस, काका गाडीत बसलेत, कल्याणपर्यंत आलेत, तुम्ही दोन घास खा तोवर. आणि मी तुला म्हटलं होतं की तू तिला फसवतेस, म्हातारी झाली म्हणून काय खेळणं झाली का, तिला खरं कळायचा हक्क आहे. तू हातातला पोळीचा गोळा परातीत आपटून म्हणालीस, मग रोज सांगू का तिला, रोज मारू का बापूकाकांना? आणि मी वर तोंड करून म्हटलं, हो, खरं ते खरं. चार महिने आठ बाराच्या लोकलला एकाच डब्यात उभ्या राहून आपण एकमेकींकडे बघितलं नाही. तू माझी हिरवी ओढणी वॉचमनकडे ठेवून गेलीस, धुऊन, इस्त्री करून, तेच जास्त लागलं मला. नंतर पम्याने मध्ये पडून आपल्याला मामलेदारला मिसळ खायला नेलं आणि तिखटाने दोघींच्या डोळ्यांतून पाणी आलं म्हणून बोलणं सुरू झालं, पण त्या विषयावर आपण परत कधी बोललो नाही. माईंच्या तेराव्यालाही नाही.

आता मंगळवारचं सांगते.

मंगळवारी ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. साडेतीनला पिशवी निघाली, मी नेहमीचं सांगितलं. मावशींनी वळून खिडकीतून बाहेर बघितलं, बराच वेळ बघितलं, मग माझ्याकडे. डोळे एकदम स्वच्छ. म्हणाल्या, पाऊस कुठाय? मी गप्प. तर म्हणाल्या, तू पण खोटं बोलाया लागलीस धाकटे?

मनू, मला वाटलं आता खरं सांगायलाच हवं. माझ्यातली ती जुनी एसवायची मुलगी जागी झाली असेल. मी त्यांच्या पायाशी बसले, हात हातात घेतला, आणि हळूहळू सगळं सांगितलं, की हे दिमोना आहे, तुम्ही इस्राएलमध्ये आहात, पन्नासच्यावर वर्षं झाली, ताई तुमची मुलगी. त्या ऐकत होत्या, मान हलवत होत्या. मग विचारलं, आणि आयशी? मी म्हटलं, त्या गेल्या मावशी. कधीच्याच.

एक मिनिटभर काहीच नाही. मग त्यांनी गाऊनची गळ्यापाशी कड दोन्ही हातांत धरली आणि फाडायला लागल्या. आमच्यात माणूस गेलं की कपडा फाडतात ना, आजीच्या वेळी पप्पांचा शर्ट तू बघितला होतास. कापड जाड होतं, फाटेना, बोटांत जोर नाही, त्या ओढत राहिल्या, नखं पांढरी पडली, पण हात सोडेनात. मग खुर्चीतून खाली घसरून जमिनीवर बसायला लागल्या, कारण शोक खाली बसून करायचा. आणि मला विचारत होत्या, कवा गेली, मला कुणी का नाय सांगितलं, मी का नव्हते तिथं. ही काही जुनी बातमी नव्हती गं. त्यांची आई मंगळवारी पावणेचारला वारली, आणि ती मी मारली. तू म्हणाली होतीस अगदी तसंच. मी त्यांच्याबरोबर खाली फरशीवर बसून राहिले, दुसरं काय करणार, आणि मनात तुलाच हाक मारत होते.

बुधवारी साडेतीनला त्यांनी पिशवी घेतली. लाँच चुकंल.

मी सांगितलं, आज बंद आहे.

तर मनू, मी चुकले होते. तेव्हा, तुमच्या स्वयंपाकघरात. हे फोनवर सांगायचं नव्हतं, तुला लिहूनच द्यायचं होतं.

पण गोष्ट इथे संपत नाही, मला खाणारी काळजी पुढेच आहे. जुलैत माझे दहा महिने संपतायत. मी गेल्यावर साडेतीनला कोण? ताई गेल्या आठवड्यात रडत रडत म्हणाली, तू तुझ्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करून दे, लाँच बंद आहे, उद्या जाऊ, एवढंच, आम्ही रोज लावू. आणि मी सात दिवस फोन हातात घेऊन ठेवून देतेय. समोर बसून सांगणं वेगळं, तिथे मी त्यांचा चेहरा बघते, हात धरते, एखाद्या दिवशी त्या स्वतःच विसरतात तेव्हा सांगत पण नाही. यंत्रातून तेच वाक्य वर्षानुवर्षं वाजत राहणार, मी ठाण्यात तलावपाळीला भेळ खात असेन आणि इथे माझा आवाज एका बाईला थांबवत असेल. आणि नाही दिलं तर? तर त्या पिशवी घेऊन दाराशी उभ्या आणि कुणाला कळतच नाही कुठे निघाल्यात. एकदा राहावं का अजून वर्षभर असंही येतं मनात. पप्पा म्हणतात प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायला फोन करत बसावं लागतं सिनेगॉगमध्ये, त्यात तू पण तिकडेच राहिलीस तर. (मी दहात मोजली जाणार नाहीच, पण ते बोलून काय उपयोग.) तू काय केलं असतंस? माईंसाठी रेकॉर्ड करून ठेवलं असतंस का, कॉलेजला जाताना?

मध्येच आठवलं, नाहीतर राहील. बॉटनीवाले, तुझ्यासाठी खास केतुराला जाऊन आले, एलातच्या अलीकडे एक किबुत्झ आहे. मसादा नावाच्या जुन्या किल्ल्याच्या उत्खननात साठच्या दशकात खजुराच्या बिया मिळाल्या होत्या, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या, त्या चाळीस वर्षं नुसत्या पडून होत्या, मग २००५ च्या जानेवारीत तिथल्या एका बाईंनी त्यातल्या काही पेरल्या आणि एक उगवली! झाडाचं नाव मथुशलह ठेवलंय, बायबलमधल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचं. कुंपणात आहे, मी लांबून हात जोडले. तुला शोभेल असा प्रश्न पण विचारला, फळ धरतं का, तर म्हणे नर झाड आहे.

फ्लॅटमध्ये अजून अधूनमधून विचारतात, भारतात ज्यू कसे, तू नंतर झालीस का. मी कोकणात नवगावला फुटलेली बोट, त्यातून वाचलेली सात जोडपी, शनिवारी घाणा न चालवणारे म्हणून शनवार तेली, सगळं सांगते. तुझ्या माई म्हणायच्या ना, पेणला आमच्या शेजारचा घाणा शनिवारी बंद, ते पण सांगते, लोकांना फार आवडतं. मला या प्रश्नाचा पूर्वी राग यायचा. पण ताईने वडिलांचा काळापांढरा फोटो दाखवला, १९६४ चा, जेरुसलेममध्ये रस्त्यावर बसलेले. तेव्हा बेने इस्राएल, म्हणजे आमच्या कोकणातल्या ज्यू, माणसाशी लग्न लावायचं तर आधी पिढ्यान् पिढ्यांची चौकशी करा असा इथल्या मुख्य धर्मपीठाचा हुकूम होता, आणि आपली माणसं संपावर बसली, शेवटी संसदेला ठराव करावा लागला की हे बरोबरीचे ज्यू आहेत. फोटोत ते कोटात आहेत, हातात छत्री. उन्हाळ्यात, जेरुसलेममध्ये. रेवदंड्याची सवय, ताई म्हणाली.

तुझ्या साखरपुड्याचे फोटो बघितले, जांभळी साडी फार सुंदर, त्याचे कान जरा मोठे आहेत पण चेहरा प्रेमळ आहे. तारीख जुलैनंतरची धर, मी नसताना केलंस तर बघ. पीएचडीचा फॉर्म भरलास का? काकूंचा गुडघा? पम्याला सांग त्याचे दीडशे रुपये माझ्याकडे नाहीत, तुझ्याकडे आहेत.

आणि एक काम कर. आता आठ-दहा दिवसांत तिकडे पाऊस येईल. पहिला जोराचा पडला की तुमच्या मागच्या गॅलरीत जा, जिथे पत्रा आहे, आणि फोन बाहेर धरून दहा मिनिटं रेकॉर्ड कर. मध्ये बोलू नकोस, काकूंना पण सांग कुकर लावू नका म्हणावं. पन्हाळीचं पाणी बादलीत पडतं ना, ते यायला हवं. मला पाठव. मी जे काही बोलेन ते त्याच्यावर बोलेन, म्हणजे त्यांनी विचारलं की पाऊस कुठाय, तर निदान तेवढा तरी खरा असेल.

तुझीच,
रुथू

ता. क. हिरवी ओढणी इथे आणलीय. मावशींना आवडते, परवा डोक्यावरून घेऊन बसल्या होत्या.