एकाच रात्रीसाठी निवडलेले रेस्टॉरंट आणि आपल्या ॲपवरील ‘ट्रेंडिंग’ यादी : तक्रार

नाशिक
दिनांक : २० डिसेंबर २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
(रेस्टॉरंटमधील टेबल आरक्षणाची सेवा देणारी कंपनी)

विषय : आपल्या ‘नाशिकमधील ट्रेंडिंग’ यादीतील दिशाभूल करणारी माहिती, आरक्षणापोटी घेतलेल्या २,१५९ रुपयांचा परतावा आणि संबंधित पानाची दुरुस्ती याबाबत.

महोदय / महोदया,

शनिवार, दिनांक १५ नोव्हेंबर २०२५ रोजी रात्री ८ वाजता सात जणांसाठी मी आपल्या ॲपवरून गंगापूर रोडलगतच्या एका रूफटॉप रेस्टॉरंटमध्ये टेबल आरक्षित केले होते. त्या रात्री झालेल्या गैरसोयीबद्दल मी दुसऱ्याच दिवशी ॲपवर तक्रार नोंदवली. १९ नोव्हेंबरला आपल्याकडून दोन ओळींचे उत्तर आले, त्यात संबंधित रेस्टॉरंटशी संपर्क साधण्याची सूचना होती आणि सोबत पंधरा दिवसांत वापरायचे २० टक्के सवलतीचे कूपन होते. त्यानंतर आपल्याकडून काहीही कळलेले नाही, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे. रेस्टॉरंटविषयीची माझी तक्रार मी त्यांच्याकडे स्वतंत्रपणे केली आहे. हे पत्र आपल्या कंपनीच्या जबाबदारीपुरते आहे.

प्रथम त्या रात्रीचे महत्त्व सांगणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय माझी तक्रार ‘जेवण आवडले नाही’ एवढीच वाटेल. माझ्या आई-बाबांच्या लग्नाला नोव्हेंबरमध्ये ५० वर्षे पूर्ण झाली. माझा मोठा भाऊ नोकरीनिमित्त बावीस वर्षांपूर्वी नाशिक सोडून हैदराबादला गेला. दादा, वहिनी आणि माझी चौदा वर्षांची भाची शनिवारी दुपारी येऊन रविवारी पहाटे परत निघणार होते, म्हणजे आम्हा सर्वांना एकत्र बसायला एकच रात्र होती. खरे तर आमच्या घराजवळ एक जुनी खानावळ आहे, तिथले वाढपी बाबांना कांदा चालत नाही हे न विचारता लक्षात ठेवतात, आणि माझा पहिला विचार तिथेच जाण्याचा होता. परंतु आईच म्हणाली, “दादाने पाहिलेलं नाशिक वेगळं होतं. आता इथे काय काय नवीन झालंय ते त्याला बघू दे की.” तिच्या या एका वाक्यामुळे मी नवीन धाटणीचे रेस्टॉरंट शोधू लागले आणि त्यासाठी आपल्या ॲपकडे वळले.

आमच्याकडे सकाळच्या मिसळीसाठी कुणी ॲप उघडत नाही. कुठला रस्सा जहाल, कुठे रविवारी तासभर थांबावे लागते, हे शेजारीपाजारी, कार्यालयात, रिक्षावाल्याकडूनही कळते. रात्रीच्या नव्या रेस्टॉरंटचे तसे नाही. गंगापूर रोड आणि कॉलेज रोडच्या परिसरात नवी ठिकाणे इतक्या वेगाने उघडतात आणि बंदही होतात, की त्यांच्याविषयी तोंडी खात्री मिळायला वेळच मिळत नाही. अशा ठिकाणी जाणाऱ्याला आपली यादी, आपले फोटो आणि आपले तारे यांवरच विसंबावे लागते. आपला व्यवसाय या विसंबण्यावरच उभा आहे, हे आपण मान्य कराल.

निवड करताना मी घाई केली नाही. तीन संध्याकाळी बसून मी यादी पाहिली आणि ‘ज्येष्ठांसाठी सोयीचे’ व ‘लिफ्ट उपलब्ध’ हे दोन्ही पर्याय निवडून शोध घेतला, कारण आईच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया याच वर्षी जूनमध्ये झाली आहे. एका द्राक्षमळ्याशेजारचे रेस्टॉरंट मला अधिक आवडले होते, परंतु रात्री थंडीत आई-बाबांना इतक्या लांब नेणे नको वाटले. शेवटी यादीत सर्वांत वर असलेले, ४.७ तारे मिळालेले आणि ‘निवांत कौटुंबिक वातावरण’ असे वर्णन केलेले हे ठिकाण मी निवडले. फोटोत वेताच्या दिव्यांखाली मांडलेले लांब टेबल होते आणि मागे पाणी दिसत होते. गंगापूर रोडच्या बाजूने गोदावरी वाहते, त्यामुळे ते नदीचे पात्र असावे असा माझा समज झाला. पुढे जाताच पडद्यावर ‘या वेळेची फक्त २ टेबले शिल्लक’ असा लाल मजकूर आला आणि शेजारी ४ मिनिटे ५९ सेकंदांपासून उलटी मोजणी सुरू झाली. नवऱ्याला विचारायचीही उसंत न घेता मी माणशी ३०० रुपयांप्रमाणे २,१०० रुपये भरले. ही रक्कम ‘बिलातून वजा होईल’ असे स्पष्ट लिहिलेले होते. त्यावर ४९ रुपये सुविधा शुल्क आणि १० रुपये देणगी अशी आणखी कपात झाली. देणगीच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली होती, हे मला पावती पाहिल्यावर समजले.

प्रत्यक्षात त्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या मजल्यापर्यंतच जाते. गच्ची चौथ्या मजल्यावर आहे आणि तिथे जायला लोखंडी, अरुंद, वळणाचा जिना आहे. त्याला एकोणीस पायऱ्या आहेत. एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने माझे मनगट धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत आई तो जिना चढली. मध्ये दोनदा थांबली तेव्हा मागून येणारी मुले अंग चोरून बाजूने वर गेली. दादा खालूनच म्हणाला, “आई, आपण दुसरीकडे जाऊ.” पण पैसे भरलेले आहेत हे तिला माहीत होते, म्हणून ती चढत राहिली. तिच्या बोटांचा दाब माझ्या मनगटावर किती वाढत गेला, ते मी विसरू शकत नाही. ‘लिफ्ट उपलब्ध’ हे आपले दोन शब्द तांत्रिकदृष्ट्या खोटे नसतीलही, परंतु ज्या माणसासाठी ते शब्द शोधले जातात त्याच्या दृष्टीने ते पूर्ण खोटे आहेत.

आठचे टेबल आम्हाला आठ वाजून पन्नास मिनिटांनी मिळाले. ते फोटोतले नव्हते; गच्चीच्या कोपऱ्यात, डोक्यावर हातभर अंतरावर मोठा स्पीकर आणि समोर शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी, अशी ती जागा होती. पाणी, नदी किंवा वेताचे दिवे कुठेही नव्हते. माझ्या भाचीने तिथेच बसल्या बसल्या तो फोटो शोधून पाहिला, तेव्हा तोच फोटो आपल्याच ॲपवर दुसऱ्या शहरातील एका रेस्टॉरंटच्या पानावरही सापडला. दोन्ही पानांचे स्क्रीनशॉट मी सोबत जोडले आहेत. छापील मेनू नव्हता; टेबलावरचा क्यूआर कोड मोबाइलवर उघडून बाबा फोन हाताच्या अंतरावर धरून अक्षरे लावत होते आणि शेवटी “तुम्हीच सांगा काय ते” म्हणून त्यांनी फोन खाली ठेवला.

बाबांनी त्या रात्री आईसाठी एक पानभर लिहून आणले होते. वहीचे ते पान त्यांनी खिशातून काढले, उलगडले, चष्मा पुसला आणि दोन ओळी वाचल्या. शेजारी बसलेल्या मलाही एक शब्द ऐकू आला नाही. वेटरला आवाज कमी करण्याची दोनदा विनंती केली, तेव्हा “शनिवारी असंच असतं, मॅडम” असे उत्तर मिळाले. बाबांनी कागदाची पुन्हा चौपदरी घडी घातली आणि खिशात ठेवला. दादा पहाटे निघून गेला. तो मजकूर आम्हा भावंडांना ऐकायला मिळाला नाही आणि बाबांना पुन्हा वाचायचा आग्रह करणे मला योग्य वाटत नाही. या गोष्टीचा परतावा मी आपल्याकडे मागत नाही, कारण तो आपण देऊ शकत नाही. परंतु ‘निवांत कौटुंबिक वातावरण’ हे शब्द आपल्या पानावर कुणी आणि कशाच्या आधारावर लिहिले, हे विचारण्याचा मला अधिकार आहे.

बिलाविषयी थोडक्यात लिहिते. पदार्थांचे ६,४८० रुपये, त्यावर १० टक्के सेवा शुल्क ६४८ रुपये आणि या दोन्हींच्या बेरजेवर ५ टक्के जीएसटी ३५६.४० रुपये, असे ७,४८४.४० रुपये आकारले गेले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेवा शुल्क बिलात आपोआप जोडता येत नाही आणि ते बिलात मिळवून एकूण रकमेवर जीएसटीही लावता येत नाही. या सूचनांना आव्हान देणाऱ्या हॉटेल संघटनांच्या याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी फेटाळल्या. मी हे व्यवस्थापकांना सांगत होते, तेव्हा “जाऊ दे गं, आज नको,” असे बाबा म्हणाले आणि दादाने पैसे भरले. मी आग्रह सोडला. सेवा शुल्काची वसुली रेस्टॉरंटने केली, हे मला ठाऊक आहे. परंतु आपल्या पानावर दोघांच्या जेवणाचा अंदाजे खर्च मोठ्या अक्षरांत दिलेला असताना या शुल्काचा उल्लेखही नाही.

आरक्षणाचे २,१०० रुपये मात्र सर्वस्वी आपल्याशी संबंधित आहेत. ते बिलातून वजा झाले नाहीत. रेस्टॉरंटचे म्हणणे असे, की ॲपकडून त्यांना ही रक्कम मिळालेली नाही. आपल्या प्रतिनिधीचे म्हणणे असे, की वजावट रेस्टॉरंटने करायची होती. पैसे माझ्या खात्यातून आपल्या कंपनीच्या नावे गेले आहेत आणि पावतीही आपलीच आहे. त्यामुळे आपण दोघांनी आपसातला हिशेब खुशाल करावा, परंतु तोपर्यंत माझे पैसे अडवून ठेवू नयेत.

दुसऱ्या दिवशी दादाला निरोप दिल्यानंतर मी आपले ॲप पुन्हा शांतपणे तपासले. त्याच रेस्टॉरंटसाठी मंगळवार दुपारची वेळ निवडली, तरीही ‘फक्त २ टेबले शिल्लक’ हाच मजकूर आला आणि मोजणी ४ मिनिटे ५९ सेकंदांपासूनच सुरू झाली. मोजणी शून्यावर येऊ दिली. काहीही झाले नाही, पान नव्याने उघडताच ती पुन्हा तिथूनच सुरू झाली. केंद्रीय प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकांना फसवणाऱ्या ‘डार्क पॅटर्न’ प्रकारांना मनाई करणाऱ्या सूचना जाहीर केल्या. त्यात अशी खोटी घाई निर्माण करणे, ग्राहकाच्या संमतीवाचून देणगीसारखी रक्कम जोडणे आणि जाहिरात आहे हे न सांगता ती इतर मजकुरासारखी दाखवणे, या तिन्ही गोष्टींचा समावेश आहे. तिसऱ्या गोष्टीबाबत माझी शंका अशी, की यादीतील पहिल्या चार ठिकाणांच्या नावाखाली अगदी फिकट राखाडी अक्षरांत ‘भागीदार’ असा शब्द आहे. तो मला मोबाइलवर पान मोठे केल्यावर दिसला. या ठिकाणांनी वर येण्यासाठी आपल्याला पैसे दिले असतील, तर ‘ट्रेंडिंग’ या शब्दाचा अर्थ उरतच नाही. लोक जिथे जात आहेत ते ट्रेंडिंग, असे समजून मी निवड केली होती.

अभिप्रायांचेही तसेच आहे. मी त्या रेस्टॉरंटचे साठ-सत्तर अभिप्राय वाचले. पाच तारे देणारे बहुतेक अभिप्राय ऑक्टोबरच्या एकाच पंधरवड्यातील आहेत, त्यांत ‘व्हाइब’ आणि ‘ॲम्बियन्स’ हे शब्द सगळीकडे आहेत, परंतु कोणता पदार्थ खाल्ला याचा उल्लेख जवळपास कुठेच नाही. जेवून आलेला माणूस निदान भाजी तिखट होती की सपक, एवढे तरी लिहितो. जिन्याविषयी लिहिणारा एक अभिप्राय मला सापडला, तो तेराव्या पानावर होता आणि त्याला एकच तारा होता. मी स्वतः लिहिलेला अभिप्राय ‘तपासणीखाली’ असून आज महिना उलटला तरी तो प्रकाशित झालेला नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. पोच मला यंत्राकडून लगेच मिळाली, निवारणाची मुदत १६ डिसेंबरला संपली. याच नियमांनुसार आपल्या मंचावरील क्रमवारी कोणत्या प्रमुख निकषांवर ठरते, हे सर्वांना सहज सापडेल अशा ठिकाणी साध्या भाषेत सांगणे आवश्यक आहे. मी ॲपमध्ये पुष्कळ शोधले, तरी असे स्पष्टीकरण मला मिळाले नाही.

नाशिकमध्ये मुंबई-पुण्याहून एका रात्रीसाठी येणारी कुटुंबे दर शनिवारी असतात, आणि २०२७ मधील सिंहस्थ कुंभमेळ्यात तर ज्यांना या शहरातले काहीच ठाऊक नाही असे असंख्य लोक आपली यादी उघडतील. त्यांत कुणाची तरी आई असेल. म्हणून माझी विनंती अशी आहे, की हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत आपण मला २,१०० रुपये, ४९ रुपये सुविधा शुल्क आणि १० रुपये देणगी असे एकूण २,१५९ रुपये मूळ खात्यात परत करावेत. कूपन मला नको आहे. त्या रेस्टॉरंटच्या पानावर ‘लिफ्ट तिसऱ्या मजल्यापर्यंत, पुढे १९ पायऱ्या’ असे लिहावे, दुसऱ्या शहरातील फोटो काढून टाकावा, बिलात सेवा शुल्क जोडले जाते हे नोंदवावे आणि माझा अभिप्राय जसाच्या तसा प्रकाशित करावा. तसेच ‘ट्रेंडिंग’ यादीत स्थान मिळण्यासाठी पैसे घेतले जातात की नाही, याचे लेखी उत्तर द्यावे. या मुदतीत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर नाशिक जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन.

आरक्षणाची पावती, रेस्टॉरंटचे बिल, दोन्ही पानांचे व उलट्या मोजणीचे स्क्रीनशॉट, जिन्याचा फोटो आणि आपल्या १९ नोव्हेंबरच्या उत्तराची प्रत सोबत जोडली आहे. माझे नाव, दूरध्वनी आणि आरक्षण क्रमांक पावतीवर आहेत.

कळावे,

आपली ग्राहक,
(स्वाक्षरी)
इंदिरानगर, नाशिक